दानाची दौड आणि हक्काची वाट

थंडीचे दिवस सुरू झाले की मुंबई-गोवा महामार्गावर सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. संगमेश्वरच्या बाजारात चहापुरते थांबणाऱ्या या तरुणांच्या सदऱ्यावर कर्करोगग्रस्त मुलांच्या साहाय्याची, मुलींच्या शिक्षणाची किंवा निराधार वृद्धांच्या निवाऱ्याची घोषणा छापलेली असते, आणि तिच्याखाली एखाद्या बँकेचे वा कंपनीचे चिन्ह असते. मुंबईत २००४ सालापासून भरणाऱ्या मॅरेथॉन शर्यतीत ४२ किलोमीटरचे अंतर धावणारे अनेकजण आपल्या पसंतीच्या संस्थेसाठी निधी गोळा करतात. लंडनमध्ये ही प्रथा अधिक जुनी आहे. तेथील शर्यत १९८१ साली सुरू झाली आणि तिच्या निमित्ताने आजवर जमलेल्या देणग्यांचा आकडा शंभर कोटी पौंडांच्या पलीकडे गेला आहे. शरीराला पराकाष्ठेचे कष्ट द्यावयाचे, ते कष्ट पाहून हेलावलेल्या आप्तमित्रांनी आणि कंपन्यांनी देणगी द्यावयाची आणि ती एखाद्या सत्कार्याला पोचवावयाची, असा हा व्यवहार आहे.

या तरुणांची टिंगल करणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. ज्या काळात तरुणांना केवळ स्वतःच्या उत्कर्षाचीच दीक्षा दिली जाते, त्या काळात कोणी अनोळखी रुग्णासाठी पहाटे चारला उठून धावण्याचा सराव करीत असेल, तर त्याच्या मनातील करुणा खरी आहे असेच मानले पाहिजे. समाजवादी चळवळीला या करुणेची गरज आहे. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. त्यांच्या कष्टांचे मोल समाजव्यवस्थेत कोणाच्या खात्यावर जमा होते आणि त्या कष्टांमुळे कोणाची जबाबदारी हलकी होते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रथेचा आधुनिक आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण होता. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून तो कृत्रिम पायाने धावू लागला आणि रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तोडीत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला. आजार फुप्फुसात पसरल्याने १ सप्टेंबर रोजी त्याला थांबावे लागले आणि पुढील वर्षी २८ जून रोजी त्याचे निधन झाले. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक नागरिकामागे एक डॉलर जमावा, ही त्याची इच्छा त्याच्या हयातीतच पुरी झाली. आपल्या धावण्यातून कोणाही कंपनीने नफा कमावता कामा नये, असा त्याचा कटाक्ष होता. पण त्याच्या कथेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. टेरी फॉक्स धावला तो संशोधनासाठी. रुग्णांच्या उपचारांचे बिल भागविण्यासाठी नव्हे. कारण सस्कॅचेवान प्रांतातील समाजवादी सरकारने १९६२ साली सार्वजनिक आरोग्यविम्याचा पाया घातला होता आणि १९६६ च्या कायद्यानंतर तो देशभर पसरला होता. उपचार हा नागरिकाचा हक्क म्हणून आधीच मान्य झालेला होता. त्या हक्काच्या जोत्यावर टेरीच्या त्यागाचा कळस चढला.

चाळीस वर्षांनंतर ब्रिटनमध्ये नेमके उलटे चित्र दिसले. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, टॉम मूर या निवृत्त सैनिकाने वयाची शंभर वर्षे पुरी होण्याआधी आपल्या बागेत चालण्याच्या आधारचौकटीसह शंभर फेऱ्या मारण्याचा संकल्प केला. एक हजार पौंड जमावेत एवढीच त्याची अपेक्षा होती. जमले तीन कोटी वीस लाखांहून अधिक. राष्ट्रीय आरोग्यसेवेशी संलग्न असलेल्या धर्मादाय संस्थांकडे हा पैसा गेला. राष्ट्र गहिवरले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु जी आरोग्यसेवा मजूर पक्षाच्या सरकारने ५ जुलै १९४८ रोजी कराच्या पैशांतून, कोणाच्याही दयेवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून उभी केली, तिच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीसाठी व मानसिक आधारासाठी एका शतायुषी वृद्धाने फेऱ्या माराव्यात, यात गहिवरापेक्षा लाज वाटण्याजोगे अधिक होते. दारात उभे राहून परिचारिकांसाठी टाळ्या वाजविणाऱ्या सत्ताधाऱ्यांनी मार्च २०२१ मध्ये त्यांना सुचविलेली वेतनवाढ एक टक्क्याची होती. टाळी फुकट असते आणि वेतन द्यावे लागते. जोतेच खचू लागले असता कळसाला सोन्याचा मुलामा देण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल.

भारतात तर जोतेच पुरते घातलेले नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली आरोग्यावरील एकूण शासकीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार रुग्णांच्या स्वतःच्या खिशावर पडत होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय खर्च अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या उत्पन्नावर हिशेब केला तर ही तूट दीड लाख कोटी रुपयांच्या आसपास जाते. मॅरेथॉनमधून वर्षाला जमणारा निधी काही दहा कोटींचा असतो. तूट त्याच्या हजारो पट आहे. सारा देश रोज धावू लागला तरी ती भरून निघणार नाही. उलट सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच वर्तविलेला महसुलाचा तोटा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. इस्पितळांसाठी जेवढा पैसा कमी पडतो जवळजवळ तेवढाच पैसा एका फटक्यात सोडून देण्यात आला, आणि त्याच कंपन्यांची चिन्हे आता धावणाऱ्यांच्या छातीवर झळकत आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. दोन टक्क्यांचा गाजावाजा होतो. आठ टक्क्यांविषयी कोणी ब्रही काढीत नाही.

दुसरा मुद्दा निवडीचा आहे. कराचा पैसा कोठे खर्च व्हावा हे निदान तत्त्वतः लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी ठरवितात आणि चुकले तर त्यांना जाब विचारता येतो. देणगीचा पैसा कोठे जावा हे देणारा ठरवितो. जुन्या करपद्धतीत ३० टक्के दराच्या करदात्याने ८०-जी खालील संस्थेला एक हजार रुपये दिले आणि त्यातील निम्मी रक्कम वजावटीस पात्र ठरली, तर १५० रुपयांचा कर सरकार सोडून देते. म्हणजे देणगीतला काही वाटा सार्वजनिक तिजोरीचाच असतो. निवड मात्र खाजगी राहते. आणि खाजगी करुणा डोळ्यांना दिसेल तिकडे वळते. जे दुःख छायाचित्रात उठून दिसते त्याला देणगी मिळते. क्षयरोगी खाणकामगार, वेडसर म्हणून घराबाहेर काढलेली स्त्री, कारागृहात वर्षानुवर्षे खितपत पडलेला कच्चा कैदी, यांच्यासाठी धावणारा विरळाच. गरजेच्या प्रमाणात वाटप करण्याची शक्ती बाजाराच्या अंगी नाही, तशी ती तमाशाच्या अंगीही नाही.

याचा अर्थ देहकष्टाला सार्वजनिक जीवनात स्थान नाही असा नव्हे. महाराष्ट्राला पायी चालण्याचे माहात्म्य कोणी शिकवावयास नको. आषाढी-कार्तिकीच्या वाटेवर ते शतकानुशतके मुरले आहे. पण त्याच पंढरपुरात १ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणाला बसले ते देणगीसाठी नव्हे. त्यापूर्वी कित्येक महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला होता. सेवादलाची पथके बरोबर घेऊन गावोगाव देवळे, पाणवठे खुले करण्याचे आवाहन केले होते. दहा दिवसांच्या उपवासानंतर विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले आणि त्याच वर्षी मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पालगडच्या या सुपुत्राने आपल्या देहाचे क्लेश पुढे केले ते अन्याय करणाऱ्याच्या सदसद्विवेकापुढे. प्रेक्षकांच्या दयाबुद्धीपुढे नव्हे. आणि त्यातून जे मिळाले ते कोणाच्या मर्जीने परत घेता येण्याजोगे दान नव्हते. तो हक्क होता.

दान आणि हक्क यांतील हा फरक रत्नागिरी जिल्ह्याला जमिनीच्या प्रश्नाने चांगला शिकविला आहे. येथे पिढ्यान्पिढ्या खोती होती. कुळाने राबावे आणि खोताने वाटा न्यावा, हा तिचा नियम. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये रत्नागिरी, कुलाबा, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतील सुमारे वीस हजार शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यांच्याही पायांना फोड आले असतील. ते मागत होते तो कायदा. तो लगेच मिळाला नाही. पण १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्याला मालक मानण्याचा दिवस ठरविला. त्या कायद्यांत पळवाटा होत्या, कित्येक कुळे त्याआधीच बेदखल झाली होती, हे खरे. तरीही कोकणातील अनेक घरांतील सातबाऱ्याचा उतारा हा त्या चालण्याचा पुरावा आहे.

याच्या शेजारी भूदान ठेवून पाहावे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिले दान मिळाल्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडले. एवढी दीर्घ आणि निरिच्छ पदयात्रा आधुनिक जगात क्वचितच कोणी केली असेल. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. जयप्रकाशांसारख्या नेत्याने १९५४ साली त्यासाठी जीवनदान केले. परंतु मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग नापीक, वादग्रस्त किंवा कागदावरचाच निघाला आणि पुष्कळशी जमीन वाटलीच गेली नाही. तपश्चर्या थोर असली तरी देणाऱ्याने काय द्यावे हे देणाऱ्यानेच ठरवावयाचे असेल, तर तो पडीक माळच देणार.

समाजवाद्यांनी स्वतःच्या पदयात्रांकडेही याच कसोटीने पाहिले पाहिजे. जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर ६ जानेवारी १९८३ रोजी कन्याकुमारीहून निघाले आणि ४,००० किलोमीटरहून अधिक अंतर चालून २५ जून रोजी राजघाटावर पोचले. पिण्याचे पाणी, कुपोषण, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, दलित-आदिवासींची प्रतिष्ठा हे त्यांचे प्रश्न अगदी बिनतोड होते. गावोगाव लोक लोटले. पण त्या गर्दीतून प्रत्येक तालुक्यात पाण्याचा आणि शाळेचा आग्रह धरून बसणारी संघटना उभी राहिली नाही आणि यात्रा स्मरणापुरती उरली. सत्तरी ओलांडलेल्या बाबा आमट्यांनी, पाठीच्या दुखण्याने बसणेही अशक्य झालेले असताना, डिसेंबर १९८५ मध्ये तरुण सायकलस्वारांसह कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो'ची हाक दिली. त्या यात्रेने अनेक तरुणांना आयुष्याची दिशा दिली, हे तिचे यश. पुढील दहा वर्षांत देश धर्माच्या नावाने दुभंगत गेला, ते मात्र यात्रेला रोखता आले नाही. कारण ते काम यात्रेचे नव्हते, मागे राहणाऱ्या कार्यकर्त्यांचे होते.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपविला. त्यांच्या रक्ताळलेल्या तळपायांची छायाचित्रे पाहून मुंबईकरांनी पाणी दिले, खाऊ दिला, चपला दिल्या. ती माणुसकी मोलाची होती. पण मोर्चेकऱ्यांची मागणी चपलांची नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे जमीन नावावर व्हावी, ही होती. सरकारने लेखी आश्वासन दिले. ते पुरे न झाल्यामुळे मार्च २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागले. देणगी मिळाली की दौड संपते. हक्काची वाट मात्र पदरात कागद पडल्यावरही चालत राहावी लागते.

ज्यांच्या कष्टांना प्रायोजक मिळत नाही अशांची एक मोठी पलटण या देशात आहे, हेही विसरता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतून कोकणाच्या, उत्तर प्रदेशच्या, बिहारच्या दिशेने माणसे पायी निघाली. त्यांच्या सदऱ्यावर क्रमांक नव्हता. जालन्याहून निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत संगमेश्वर तालुक्यातील डोंगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि बायांना हंडे-कळशा घेऊन चढ-उतार करावे लागतात. सह्याद्रीच्या कुशीतील धनगरवाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणण्याची पाळी आजही येते. डोली वाहणारे चौघे जी शर्यत धावतात ती हरली तर एक माणूस मरतो. त्यांच्या सहनशक्तीचे कौतुक करणे हा त्यांचा अपमान आहे. ती सहनशक्ती अनावश्यक व्हावी, हेच राजकारणाचे प्रयोजन.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल. व्यवस्था बदलेपर्यंत आजच्या रोग्याने काय करावे? ज्या मुलाला या महिन्यात औषध हवे आहे त्याला कायद्याची वाट पाहावयास सांगणे हा निर्दयपणा नव्हे काय? आहेच. तातडीची मदत हे कर्तव्य आहे आणि त्यापासून पळणारा समाजवाद पुस्तकी ठरेल. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात ठिकठिकाणांहून आलेल्या तरुणांनी घराघरांतील चिखल उपसला. तेथे घाम हे प्रदर्शन नव्हते. घाम हीच मदत होती. देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली एका लहानशा प्रसूतिगृहापासून मातृमंदिराचे काम सुरू केले, तेव्हा वाहनांची आणि वाटांची वानवा असलेल्या या तालुक्यात बाळंतिणीला आधार देणारे फारसे कोणी नव्हते. मावशींच्या त्या कष्टांना अंतिम रेषा नव्हती, पदक नव्हते. रोज सकाळी पुन्हा तेच काम होते. परंतु एका मातृमंदिराकडे बोट दाखवून शासनाने आरोग्यकेंद्रातील डॉक्टरची जागा रिकामी ठेवावी, हे मावशींच्या कार्याचे अनुकरण होत नाही. तो त्या कार्याचा गैरफायदा होतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या नव्या उत्साहाकडे पाठ फिरवू नये. जे तरुण धावतात, पोहतात, सायकली हाकतात त्यांच्याबरोबर जावे. पण काही प्रश्न बरोबर न्यावेत. ज्या गोष्टीसाठी निधी जमतो आहे ती कोणाची जबाबदारी होती आणि ती पार का पडली नाही? जमलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब जाहीर होतो काय? प्रायोजक कंपनी आपल्या कंत्राटी कामगारांना किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी देते काय? आणि दौड संपल्यावर त्याच संस्थेच्या, त्याच इस्पितळाच्या दारात वर्षभर कोण येणार आहे? ज्या दौडीतून आरोग्यकेंद्रातील रिक्त जागेचा अर्ज निघेल, पाणीयोजनेच्या खर्चाची माहिती ग्रामसभेत मागितली जाईल, ती दौड समाजवाद्यांची आहे. मुंबई ते गोवा सायकलने जाणाऱ्या तरुणाने संगमेश्वरला एक दिवस मुक्काम करावा, डोंगरवाडीपर्यंत चालत जावे आणि तेथील बाईला विचारावे की तिला काय हवे आहे. ती देणगी मागणार नाही. ती नळ मागेल, रस्ता मागेल, आणि ते मागण्यासाठी तहसील कचेरीपर्यंत तिच्याबरोबर येणारा माणूस मागेल.